वास्तु, वस्तु आणि वही : कारगिलच्या अझीझ भट सराईचें परीक्षण

(१)

राजांचीं पत्रें, सरदारांचीं दप्तरें आणि देवस्थानांच्या सनदा यांचें महत्त्व आतां कोणास पटवून द्यावें लागत नाहीं. १८९८ सालीं राजवाड्यांनीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, आणि घरोघरच्या माळ्यांवरील रुमालांकडे पाहण्याची महाराष्ट्राची दृष्टि पालटली. परंतु त्या पालटलेल्या दृष्टीच्या टप्प्यांतहि दुकान क्वचितच आलें. सावकाराचें खत आम्ही जपतों, कारण त्यांत एखाद्या सरदाराचें नांव असतें. वाण्याची रोजकीर्द मात्र जपीत नाहीं, कारण तींत मीठ, गूळ आणि कापड यांवांचून दुसरें कांहीं नाहीं असा आमचा समज असतो.

हा समज किती उथळ आहे, हें दाखविणारें एक उदाहरण आज वाचकांपुढें ठेवावयाचें आहे. तें महाराष्ट्रांतील नाहीं. हिमालयाच्या पलीकडील अंगाचें, लडाखांतील कारगिल गांवचें आहे. तेथें बाहेरून येऊन वसलेल्या एका घराण्यानें १९२० सालीं एक व्यापारी सराई उभारली. तिच्यांतील शिल्लक माल व कागदपत्रें त्याच घराण्याच्या वंशजांनीं राखून २००४ सालीं वस्तुसंग्रहालयाच्या रूपानें लोकांपुढें मांडिलीं. या सराईविषयीं अलीकडे बरेंच लिहिलें जातें. परंतु तें लिहिणें बहुधा एकाच अंगाचें असतें : कोणी नुसत्या वस्तु वर्णितो, कोणी ‘रेशीम मार्गा’चें स्वप्न रंगवितो, आणि खुद्द वास्तूकडे पाहण्यास कोणास सवड होत नाहीं. आमचें म्हणणें असें कीं, येथें वास्तु, वस्तु आणि वही हे तीन साक्षीदार आहेत. तिघांची जबानी एकत्र घेतल्यावांचून एकाचीहि साक्ष ग्राह्य धरतां येत नाहीं.

(२)

प्रथम स्थळाचा विचार करूं. कारगिल हें सुरू नदीच्या कांठीं, समुद्रसपाटीपासून सुमारें ८,८०० फूट उंचीवर आहे. श्रीनगर, लेह, स्कार्दू आणि झंस्कारांतील पदुम हीं चारहि ठिकाणें तेथून ढोबळ मानानें सारख्याच, म्हणजे सुमारें २०० किलोमीटर अंतरावर येतात. श्रीनगरहून निघालेला तांडा सुमारें ११,५०० फूट उंचीचा झोजी-ला घाट चढून द्रासमार्गें येथें येई व पुढें लेहकडे जाई. लेहहून पुढची वाट खार्दुंग, सासेर, काराकोरम, सुगेत आणि सांजू हे घाट ओलांडून यारकंदास पोंचे. दुसरी एक वाट कारगिलपासूनच फुटून सुरूच्या व पुढें सिंधूच्या कांठानें स्कार्दूस जाई. तात्पर्य, हें गांव मोठ्या बाजाराचें नव्हे, तर चव्हाट्याचें होतें. आणि चव्हाट्यावरच्या गांवाचें वैभव तेथें काय पिकतें यावर नसून तेथें कोण थांबतो यावर अवलंबून असतें.

राजकीय पार्श्वभूमि थोडक्यांत अशी. १८३४ पासून जोरावरसिंगाच्या स्वाऱ्यांनीं लडाख डोग्र्यांच्या सत्तेखालीं आलें. १८४६ च्या अमृतसरच्या तहानें गुलाबसिंग जम्मू-काश्मीरचा महाराजा झाला. १८७० सालीं महाराजा रणबीरसिंग व इंग्रज सरकार यांच्यांत व्यापारी करार होऊन मध्य आशियाकडील मार्गावर देखरेख ठेवण्यासाठीं लेह येथें दोन्ही पक्षांचे संयुक्त कमिशनर नेमले गेले. लडाखच्या वजारतींत लेह, कारगिल व स्कार्दू अशा तीन तहसिली होत्या. हें तहसिलींचें त्रिकूट वाचकांनीं ध्यानांत ठेवावें; पुढें त्याचें प्रयोजन आहे.

आतां घराण्याकडे वळूं. संस्थापक मुन्शी अझीझ भट यांचा जन्म लेह येथें १८६६ त झाला व मृत्यु १९४८ त. ‘भट’ हें उपनांव पाहून मराठी वाचक क्षणभर थबकेल. परंतु काश्मीरांत तें मुसलमानांतहि सर्रास आढळतें, आणि त्याचें मूळ संस्कृत ‘भट्ट’ हेंच होय. धर्म पालटला तरी कुळाचें नांव तगून राहतें, याचें हें बोलकें उदाहरण आहे. ‘मुन्शी’ ही पदवी मात्र पेशाची. अझीझ भट हे महाराजांच्या राज्यांतील सरकारमान्य अर्जनवीस होते. फारसी ‘नवीस’ म्हणजे लिहिणारा. आमच्या फडणीस, चिटणीस, पारसनीस या नांवांतील ‘नीस’ तो हाच.

हा केवळ शब्दांचा खेळ नव्हे. लेहांत जन्मून कारगिलास स्थायिक झालेला हा पुरुष आधीं लेखक होता, मागाहून व्यापारी झाला. परक्या गांवीं ज्याला जमीन नाहीं, त्याचें पहिलें भांडवल अक्षर हेंच असतें. जो दुसऱ्यांचे अर्ज लिहितो त्याला कोणाचें देणें कोणाकडे अडलें आहे, कोणती जकात कोठें द्यावी लागते, कोणता अंमलदार कशानें प्रसन्न होतो, हें सारें घरबसल्या कळतें. अशा मनुष्यानें पुढें ‘मुन्शी अझीझ भट अँड सन्स’ ही पेढी काढली आणि तिचे कागद टाकून न देतां राखले, यांत आम्हांस नवल वाटत नाहीं. लेखणीचा संस्कार तराजू हातीं आल्यानें पुसला जात नाहीं.

(३)

१९२० हें साल म्हणजे विक्रम संवत् १९७६-७७ आणि हिजरी १३३८-३९. महायुद्ध संपलेलें होतें. १९१७ च्या क्रांतीनें रशियाचा व्यापार विस्कळित झाला होता, आणि सिंक्यांगच्या बाजारांत रशियन मालाची जी जागा मोकळी पडली ती हिंदुस्थानच्या मार्गानें येणाऱ्या मालानें कांहीं काळ भरून काढली. सराई नेमकी याच वेळीं कां बांधली गेली, याचें उत्तर आमच्या मतें येथें आहे. हें आमचें अनुमान होय. परंतु दूरच्या राज्यक्रांतीनें डोंगरांतील एका चव्हाट्यावर नवी इमारत उठावी, हें व्यापाराच्या स्वभावास धरूनच आहे.

इमारत तीन मजली. तळमजल्यावर जनावरें व त्यांची वैरण, वर मालाची सांठवण, आणि त्याहून वर व्यापाऱ्यांचा मुक्काम, अशी तिची वांटणी होती. येथें एक भेद लक्षांत घेण्याजोगा आहे. ‘सराई’ हा शब्द फारसी. (आमच्या ‘लगीनसराई’ किंवा ‘सुगीसराई’ यांतील हंगामवाचक सराईशीं त्याची गल्लत करूं नये.) इराणांतील कारवानसराई बहुधा ऐसपैस असते : मधें मोठें आंगण, भोंवतीं ओवऱ्या, आणि तटासारखी भिंत. कारगिलची सराई मजल्यावर मजला चढवून रचलेली आहे. असें कां व्हावें ?

याचें उत्तर लडाखच्या साध्या शेतकऱ्याच्या घरांत सांपडतें. तेथें गुरें तळमजल्यावर बांधतात; त्यांच्या अंगची ऊब वरच्या खोल्यांस मिळते. भिंत खालीं दगडाची व वर उन्हांत वाळविलेल्या विटांची; तुळया पापलरच्या, त्यांवर विलोच्या बारीक फांद्यांचा थर, वर गवत व माती, आणि छप्पर सपाट. झोजी-लाच्या अलीकडे काश्मीरांत पाऊस व हिम फार, म्हणून छपरें उतरतीं. पलीकडे पाऊस अत्यल्प, म्हणून तीं धाब्याचीं. घाट ओलांडतांच छपराचा आकार बदलतो, ही गोष्ट प्रत्येक तांड्यानें आपल्या डोळ्यांनीं पाहिली असेल. अशा मुलखांत लांबरुंद आंगणाभोंवतीं ओवऱ्या बांधणें म्हणजे हिवाळ्यास आमंत्रण देणें होय. म्हणून आमचा निर्णय असा कीं, अझीझ भट सराईचें नांव इराणचें असलें तरी शरीर लडाखचें आहे. ती आयात केलेली कारवानसराई नसून वाढविलेलें लडाखी घर आहे. कुटुंबाच्या जागीं पांथस्थ आले एवढेंच.

अमरकोशांत दुकानास ‘आपण’ व ‘निषद्या’ असे शब्द दिले आहेत. निषद्या म्हणजे बसण्याची जागा. आमच्याकडे दुकानाच्या गादीवर विकणारा बसतो आणि गिऱ्हाईक उभें राहतें. सराईंत विकणाऱ्याबरोबर विकत घेणाराहि बसतो, निजतो, आजारी पडतो, घाट मोकळा होण्याची वाट पाहतो. यारकंद-खोतानकडील हाजचे यात्रेकरूसुद्धां काराकोरम ओलांडून लेह-श्रीनगर या वाटेनें मुंबईच्या बंदरास येत असत. अशा वाटेवरील दुकान हें एकाच वेळीं कोठार, टपाल, पेढी व धर्मशाळा असतें. म्हणूनच त्याच्या मजल्यांचा क्रम समजून घेतल्याशिवाय त्याच्या व्यवहाराचा क्रम समजत नाहीं.

(४)

आतां वस्तूंकडे येऊं. संग्रहांत खोगिरें व घोड्यांचें सामान, गालिचे, टोप्या, पोशाख, भांडीं, पिरोजे, रंग, कापड, साबण, बटणें अशा नाना जिनसा आहेत. त्यांत मध्य आशियाचा माल आहे, तसाच युरोपांतील कारखान्यांचाहि आहे. हा ढीग पाहून बहुतेक लेखकांच्या लेखणीस ‘रेशीम मार्ग’ हा शब्द आपोआप सुचतो.

या शब्दाविषयीं आमची तक्रार आहे. प्रथम, तो प्राचीन नव्हेच. रिश्टहोफेन या जर्मन भूगोलज्ञानें १८७७ सालीं तो प्रचारांत आणिला, म्हणजे तेव्हां अझीझ भट अकरा वर्षांचे होते. दुसरें, या वाटेचा मुख्य माल रेशीम हा नव्हता. यारकंद-खोतानकडून थोडें रेशीम येई हें खरें. परंतु चरस, नमदे व गालिचे हीं तिकडील भारी आयात होती, आणि इकडून कापड, रंग, मसाले, चहा, साखर हे जिन्नस जात. तिसरें आणि महत्त्वाचें असें कीं, ‘रेशीम मार्ग’ म्हटल्यावर वाचकाच्या डोळ्यांपुढें हजार वर्षांपूर्वींचा धूसर तांडा उभा राहतो, आणि साबणाची वडी व बटणांचा पुठ्ठा हे त्या चित्रांत उपरे वाटूं लागतात. वस्तुतः तेच या संग्रहाचें सार आहेत. ही सराई प्राचीन काळाचा अवशेष नसून आगगाडी, आगबोट व कारखाना यांच्या युगाचें एक टोक आहे. आगगाडीचा रूळ जेथें संपला तेथून पुढें तोच कारखान्याचा माल तट्टाच्या पाठीवर चढला, आणि कारगिल-द्रासच्या किरायाकश लोकांनीं तो पुढें नेला.

या विषयावरील दोन इंग्रजी ग्रंथांचीं नांवें या दृष्टीनें तुलना करण्याजोगीं आहेत. जॅनेट रिझवी यांच्या १९९९ च्या ग्रंथाच्या नांवांत हिमालयापलीकडील तांडे, व्यापारी धनिक आणि शेतकरी-व्यापारी यांचा उल्लेख आहे. जॅक्लिन फ्यूक्स यांच्या २००९ च्या ग्रंथानें आपल्या नांवांत ‘रेशीम मार्ग’ घेतला आहे. दोन्ही ग्रंथ परिश्रमाचे आहेत, आणि लडाख म्हणजे जगापासून तुटलेला कोपरा हा जुना भ्रम दूर करण्यास दोहोंचें साहाय्य होतें. परंतु नांवाच्या बाबतींत आमचें मत पहिल्याच्या बाजूचें आहे. खुद्द संग्रहालयानें आपणांस ‘मध्य आशियाई व कारगिल व्यापार-वस्तूंचें’ असें म्हटलें आहे. तें नांव रुक्ष खरें, पण नेमकें आहे. पाहुण्यांनीं यजमानाहून अधिक रंगेल नांव ठेवूं नये.

याहून गंभीर असा एक आक्षेप वस्तूंच्या साक्षीवरच घेतां येतो, आणि तो अद्याप पुरेसा घेतला गेलेला नाहीं. दुकानांत जें विकलें गेलें तें निघून गेलें. जें उरलें तें विकलें न गेलेलें. चहा प्याला गेला, साखर खाल्ली गेली, कापड अंगावर फाटलें. उरलीं तीं बटणें, खोगिरें आणि रंगाचे डबे. म्हणजे दुकानाचा संग्रह हा व्यापाराचा आरसा नसून व्यापाराच्या शिलकेचा आरसा आहे. अमुक वस्तु संग्रहांत पुष्कळ आहे म्हणून तिचा खप पुष्कळ होता असें अनुमान कोणी काढील, तर तें बहुधा उलटेंच ठरेल. नाणीं जमविणाऱ्यांस हा न्याय परिचित आहे : पुरलेल्या हंड्यांत बहुधा चांगलें नाणें सांपडतें, कारण वाईट नाणें लोक आधीं खर्चून टाकीत.

(५)

ही चूक सुधारण्याचें साधन एकच, तें म्हणजे वही. काय आलें, काय गेलें, कोणाच्या नांवें किती राहिलें, हें वहीशिवाय कोणी सांगूं शकत नाहीं. वस्तु सांगते ‘मी येथें होतें’. वही सांगते ‘तें येथून गेलें’. आणि वास्तु सांगते कीं, एका वेळीं किती माल व किती जनावरें येथें मावूं शकत. वहींतील आंकडा कोठाराच्या मापाशीं ताडून पाहावा. कोठाराचें माप वैरणीच्या जागेशीं ताडावें. मग कोणता हंगाम भरभराटीचा व कोणता मंदीचा हें निश्चयानें बोलतां येईल.

अशा दप्तराचें वाचन सोपें नसतें. उत्तर हिंदुस्थानच्या व्यापारी कागदांत उर्दू व फारसी यांचें मिश्रण, हिशेबास सियाक पद्धतीचे अंक, आणि मधूनच इंग्रजी बीजकें असा प्रकार नेहमींचा आहे. कालगणनेचाहि घोळ असतो : जम्मू-काश्मीर दरबार विक्रम संवत् चालवी, मुसलमान व्यापारी हिजरी सन लिहीत, आणि युरोपीय पेढ्यांची पत्रें इसवी सनाचीं. एकाच व्यवहाराचे तीन कागद तीन सनांचे असूं शकतात. मोडी, फारसी आणि शुहूर सन यांच्या गुंत्यांतून वाट काढणाऱ्या आमच्या वाचकांस हें काम परकें वाटण्याचें कारण नाहीं.

येथें एक अडचण सांगणें अवश्य आहे. वहीचें एक पान बाजारांत मोलाचें नसतें; सुंदर खोगीर असतें. म्हणून संग्राहकांचा हात आधीं खोगिराकडे जातो आणि वही मागें राहते. असें झालें म्हणजे खोगीर कोणाचें, कोठून आलें, किती दामांस पडलें, हें सांगणारा एकमेव साक्षीदार मुका होतो. खोगीर तेवढें सुंदर राहतें. परंतु इतिहासास त्याचा उपयोग शोभेपुरताच.

(६)

शेवटीं सीमेचा प्रश्न. आज कारगिल हें सीमेवरचें गांव म्हणून प्रसिद्ध आहे, आणि १९९९ च्या युद्धानें तर तें नांव घरोघर पोंचविलें. यामुळें ही सराई सीमेवरच्या व्यापारासाठींच बांधली होती असा ग्रह होण्याचा संभव आहे. तो चुकीचा आहे. १९२० त कारगिल कोणत्याहि सीमेवर नव्हतें. तें तीन तहसिलींच्या मधोमध होतें. सीमा मागाहून त्याच्याकडे चालत आली.

मे १९४८ मध्यें कारगिल गिलगिटकडील फौजांच्या हातीं गेलें. ऑगस्टांत स्कार्दूहि पडलें. नोव्हेंबरांत झोजी-लावर रणगाडे चढवून भारतीय सेनेनें वाट मोकळी केली व कारगिल परत घेतलें. १ जानेवारी १९४९ रोजीं युद्ध थांबलें. त्याच वर्षीं आंखलेली युद्धबंदी-रेषा १९७२ च्या सिमला करारानंतर थोड्या फेरफारानें नियंत्रण-रेषा झाली. तीन तहसिलींपैकीं स्कार्दू रेषेच्या पलीकडे गेली व ती वाट मिटली. १९४९ त सिंक्यांगांतहि सत्तांतर झालें, आणि यारकंदची वाट कांहीं वर्षांतच कायमची बंद पडली. संस्थापकाचा मृत्यु आणि वाटेचा मृत्यु हे असे एकाच सुमारास घडले.

यांतून एक विचित्र निष्कर्ष निघतो. व्यापार चालू राहता तर माल विकला गेला असता, वह्या जुन्या झाल्या म्हणून टाकल्या गेल्या असत्या, आणि जागेवर नवी इमारत उठली असती. ज्या सीमेनें सराईचा प्राण घेतला तिनेंच तिचा देह राखला. म्हणून ‘सीमेवरचें दुकान’ हें वर्णन तिच्या जन्मास लागू नसून तिच्या जतनास लागू आहे. हा भेद न करणारा लेखक कारण आणि परिणाम यांची अदलाबदल करतो.

मग हें सर्व ठेवावें कोठें ? कित्येक विद्वान् म्हणतील कीं, अशा वस्तु दिल्लीसारख्या ठिकाणीं मोठ्या संग्रहालयांत असाव्यात; तेथें आगीची, कसरीची व चोरीची भीति कमी. हा पक्ष अगदींच टाकाऊ नाहीं. एका कुटुंबाच्या शक्तीस मर्यादा असते, आणि सीमेजवळच्या गांवास तोफेची भीति असते, हें १९९९ नें दाखविलें. तथापि आमचा कौल कारगिलच्या बाजूनें आहे, आणि तो भावनेनें नव्हे. वस्तु हलविली कीं तिचें वास्तूशीं असलेलें माप तुटतें. वही हलविली कीं तींतील नांवें ओळखणारीं माणसें दुरावतात. द्रासचा अमुक किरायाकश कोणाचा आजा, हें दिल्लींतील ग्रंथपाल सांगूं शकणार नाहीं. कारगिलचा म्हातारा सांगेल, पण तो म्हातारा आणखी किती वर्षें आहे?

तेव्हां कर्तव्य असें दिसतें. एक, सराईची दुरुस्ती किंवा फेरफार होण्यापूर्वीं तिचीं मोजमापासह चित्रें काढावीं, व कोणती खोली कोणत्या उपयोगाची होती हें वृद्धांकडून विचारून त्यावर नोंदावें. दोन, वह्या व पत्रें यांचा सांपडला तो क्रम न मोडतां पानवार छायाचित्रें घ्यावीं आणि एक प्रत अन्यत्र सुरक्षित ठेवावी. असें केल्यानें मूळ कागद गांवींच राहूनहि आगीची व तोफेची भीति बरीच कमी होते. तीन, प्रत्येक वस्तूच्या नोंदींत तिचा उल्लेख वहींत कोठें येतो हें लिहावें, आणि येत नसल्यास तसेंहि लिहावें. चार, होशियारपूरच्या ज्या व्यापाऱ्यांचे हात यारकंदपर्यंत पोंचले होते, त्यांच्या वंशजांकडील वह्या शोधाव्या. पत्राचें उत्तर बहुधा दुसऱ्याच घरीं असतें.

आमच्या संग्राहक मित्रांस एवढेंच सांगणें आहे. जुन्या पेढीची एखादी सुबक जिन्नस कोणी विकावयास आणिली, तर तिची किंमत विचारण्यापूर्वीं तिची वही कोठें आहे तें विचारावें. वही नाहीं असें उत्तर आलें, तर ज्या घरांतून ती जिन्नस निघाली तें घर उभें आहे कीं पाडलें, हें विचारावें. घर उभें असेल, तर ती जिन्नस तेथेंच ठेवण्याची खटपट करावी, आणि आपण स्वतः तिची नुसती नोंद घेऊन परत यावें.